चार नंबरचा पडदा

थेरगावात, डांगे चौकाच्या थोडं अलीकडे, फारूकचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘टीव्ही, टेपरेकॉर्डर, मिक्सर’ असं लिहिलेलं आहे. टेपरेकॉर्डर आता कुणाच्या घरात उरलेला नाही, टीव्ही कॅलेंडरासारखे चपटे होऊन भिंतीला टांगले गेले आणि मिक्सर बिघडला की लोक सरळ नवीन आणतात. मग ह्या माणसाचं पोट चालतं कशावर? तर म्हाताऱ्या पडद्यांवर. चाकण-भोसरीच्या शेडमध्ये अजून कितीतरी तीस-चाळीस वर्षांची मशीनं इमानेइतबारे माल काढत असतात. मशीन ठणठणीत असतं, पण त्याच्याशेजारचा कॉम्प्युटरचा जाडजूड डबा, ज्याला कंपनीतले लोक टर्मिनल म्हणतात, त्याचा काचेचा पडदा आंधळा व्हायला लागतो. नवा मिळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, “थेरगावच्या फारूकभाईंकडे टाका राव.”

ह्या रोगाला फारूक मोतीबिंदू म्हणतो. असल्या पडद्याला दोन काचा असतात. आतली पिक्चर ट्यूबची, म्हणजे नळीची, बाहेरची संरक्षणाची, आणि दोन्हींच्या मधे गोंदासारखा पारदर्शक थर. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन तो थर नासतो. कोपऱ्यातून बुरशी चढावी तसे पांढरे डाग येतात आणि एक दिवस पडदा पार दुधाळ होतो. ऑपरेटर बिचारा कापडानं पुसत बसतो, स्पिरिट लावतो, कंपनीला शिव्या घालतो. “अरे बाबा, घाण आत आहे, बाहेरून पुसून काय होणार!” हे वाक्य फारूक दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा, आणि ऐकवून झालं की का कोण जाणे, स्वतःच गप्प बसायचा.

एरवी गप्प बसणारा माणूस नव्हे. गिऱ्हाइकाला चहा पाजून त्याचीच फिरकी घेण्यात त्याचा हातखंडा. पण त्याच्या दोन सवयी शमीमला, म्हणजे त्याच्या बायकोला, कधी उलगडल्या नाहीत. एक म्हणजे चालू पडदा सोडून तो कधी उठत नसे. दोन मिनिटं बाहेर जायचं असलं तरी आधी बटण बंद. शमीमला वाटायचं, विजेचं बिल वाचवतोय. आणि दुसरी सवय म्हणजे ईदचा डबा.

दर रमजान ईदला, नमाजानंतर, घरच्यांनी तोंड गोड करायच्या आधी फारूक स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा भरून चाकणला जायचा. तिथे यशोदाबाई राहतात. कांद्याच्या मार्केटात कांदा निवडायला जातात. त्यांचा नवरा समाधान फारूकबरोबर एका कंपनीत होता आणि त्याच कंपनीत गेला. अठरा वर्षं फारूक जात होता आणि अठरा वर्षं यशोदाबाई उंबऱ्यातच डबा घ्यायच्या, आत नेऊन रिकामा करायच्या, धुवून परत आणून द्यायच्या. रिकामा. आपल्याकडे शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. शमीम म्हणायची, “गरीब आहेत, विसरत असतील.” पण अठरा वर्षं कुणी विसरत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, फारूकला त्या रिकाम्या डब्याचा अर्थ पक्का माहीत होता. परतीच्या वाटेवर मोशीच्या पुढे आलं की तो डबा स्कूटरच्या हुकाला खणखण वाजायचा आणि फारूकला वाटायचं, सगळा रस्ता ऐकतोय. यंदा यशोदाबाई घरी नव्हत्या. शेजारणीनं डबा ठेवून घेतला आणि तो तिकडेच राहिला. फारूकनं तो मागायचं नाव काढलं नाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून करिष्मा उतरली, यशोदाबाईंची मुलगी. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. आता चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली होती. तिनं आणि रिक्षावाल्यानं मिळून पोत्यात बांधलेलं एक धूड काउंटरवर ठेवलं.

“चाचा, हे बघा. पप्पांच्या कंपनीचं सामान भंगारात निघालं. पप्पांबरोबर कामाला असलेल्या खंडूकाकांनी फोन केला, म्हणाले चार नंबर प्रेसचं टर्मिनल अजून स्टोअरमध्ये पडलंय, येऊन घेऊन जा.”

फारूकनं पोतं सोडलं. बाजूला पांढऱ्या रंगात ‘४’ काढलेला होता. तो त्यानंच काढला होता, ब्रश खराब होता म्हणून आकड्याची शेपटी जाड आली होती. पडदा पूर्ण दुधाळ, आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“हे कशाला आणलंस बेटा?”

करिष्मा स्टुलावर बसली. “आमच्या कंपनीत नवीन पोरं आली की सेफ्टीचं ट्रेनिंग असतं. सर एक गोष्ट सांगतात. म्हणे चाकणला एक ऑपरेटर होता, पडद्यावर काय लिहिलंय ते न बघताच प्रेसमध्ये वाकला. बेफिकीर माणसाचं काय होतं ते बघा, म्हणतात. नाव घेत नाहीत. पण मला कळतं ना चाचा. तीन वेळा ऐकलं मी ते, मान खाली घालून. पोरं हसतात.” तिनं पडद्यावर बोट टेकवलं. “पप्पा ज्याच्याकडे बघायचे ते मला एकदा चालू झालेलं बघायचंय. बास.”

“बघू,” फारूक म्हणाला. “वेळ लागेल. दुसरीकडे दाखवलंस का?”

“नाही. आईनं बजावलंय, फारूकभाईंकडेच न्यायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.”

करिष्मा गेली. फारूकनं त्या दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि तसाच बसून राहिला.

गोष्ट आता सांगायलाच हवी. फारूक त्या कंपनीत मेंटेनन्सला होता. चार नंबरची प्रेस परदेशातून जुनी आणलेली, दुमजली घराएवढी. वरचा जबडा खाली आला की पत्र्याचा दरवाजा तयार. मधे अडकलेला तुकडा काढायला माणसाला आत वाकावं लागायचं, आणि वाकण्याआधी जबडा कुलूपबंद झाला की नाही ते टर्मिनलवर बघायचं, असा नियम. कुलूप लागलं की पडद्यावर मोठ्या नारिंगी अक्षरांत यायचं, ‘लॉक सेफ’. नसलं की ‘ओपन’. इंग्रजी न येणारेही ही अक्षरं तोंडवळ्यावरून ओळखायचे.

त्या पडद्याला एक शिस्त होती. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की तो आपोआप काळा व्हायचा. मशीन आलं त्याच वर्षी खंडेनवमीला सगळी प्रेस धुतली, झेंडूच्या माळा चढवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि ऐन पूजेत पडदा काळा झाला. आबाजी म्हणून सगळ्यात जुना ऑपरेटर होता, त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, “फारूक, ह्यो मशीनचा दिवा हाय. खंडेनवमीला दिवा विझला, ह्ये बरं न्हाई. कायतरी कर बाबा.” फारूकनं टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काळं होण्याची सोय बंद करून टाकली आणि उजेडही शेवटपर्यंत वाढवून ठेवला. पडदा लखलखला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या वर्षी नारळ फारूकच्या हातून फोडला. मुसलमानाच्या पोराला खंडेनवमीचा नारळ! त्याची छाती फुगली होती. पुढे दर वर्षी तो मान त्याचाच झाला.

सोय मात्र परत कुणी चालू केली नाही. दिवा कोण विझवणार? जेवणाच्या सुट्टीत, शिफ्ट बदलताना, रविवारी, पगारी सुट्टीला, मशीन कुलूप लावून उभं असायचं आणि पडद्यावर तेच दोन शब्द जळत असायचे. असली काच एकच एक अक्षर वर्षानुवर्षं दाखवत राहिली की आतला लेप त्या अक्षरापुरता करपतो. अकरा वर्षांत ‘लॉक सेफ’ करपून काचेत बसलं. मग पडदा बंद असला तरी ते दिसायचं, फिकट लेपावर तपकिरी. नीट निरखलं तर कळतं की ही अक्षरं पेटलेली नाहीत. पण दिवसातून शंभर वेळा बघणारा माणूस निरखत नाही, नुसती मान वर करतो.

त्यात कोपऱ्यातून मोतीबिंदू चढायला लागला. समाधाननं तीनदा सांगितलं. “फारूकभाई, चालू हाय का बंद, कळंना झालंय बघा.” फारूक म्हणाला, “दिवाळीच्या शटडाऊनला काढतो रे, आत्ता प्रॉडक्शन थांबवलं तर साहेब मला खातील.” खंडेनवमी झाली, दसरा झाला. दिवाळीला आठ दिवस उरले असताना, सकाळच्या शिफ्टला, समाधान वाकला आणि जबडा खाली आला.

फारूक धावत पोचला तेव्हा त्यानं सगळ्यात आधी, सवयीनं, वर पाहिलं. ‘लॉक सेफ’. त्यानं ते वाचलं, मनाशी म्हणालाही, कुलूप तर आहे. आणि मग त्याची नजर खालच्या बारीक दिव्यावर गेली. तो विझलेला होता. पडदा बंद होता. आत वायर सुटली होती.

चौकशीला साहेब लोक बसले. त्यांनी फारूकला एकच प्रश्न विचारला. “पडदा नीट वाचता येत होता का?”

“येत होता,” फारूक म्हणाला.

बस, तेवढंच. पडदा नीट होता, कुलूप नव्हतं, म्हणजे ‘ओपन’ दिसत असणारच. म्हणजे माणसानं बघितलंच नाही. खंडू शेजारच्या प्रेसवर होता, तो सांगत राहिला की समाधाननं मान वर केली होती, मी पाहिलं. त्याचं कोण ऐकतो? टर्मिनल कुणी उघडून न बघताच काढून स्टोअरमध्ये टाकलं, दुसरं बसवलं, आणि तीन महिन्यांनी फारूकनं नोकरी सोडली. लोकांना वाटलं, गड्याला धंदा करायचाय.

तेव्हापासून ती अक्षरं त्याच्या मागे होती. टीव्ही बंद केला की काळ्या काचेत उमटायची. मशिदीत सजद्याला कपाळ टेकवून डोळे मिटले की पापणीच्या आत तपकिरी उभी राहायची. कित्येकदा तो दुकानात बंद पडदा हातात घेऊन तिरका करून बघायचा, आत कुणाचं काय राहिलंय म्हणून. आणि आता तीच काच गोणपाटावर त्याच्यासमोर बसली होती.

दोन दिवस त्यानं तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ्यावरून एक खोकं उतरवलं. त्यात त्याच जातीची, कोरी करकरीत नळी होती, कुण्या बंद पडलेल्या कारखान्यातून मिळालेली, जिवापाड जपलेली. ती बसवली की संपलं. पडदा नव्यासारखा पेटेल, करिष्मा डोळे भरून बघेल, म्हणेल चाचांनी कमाल केली. जुनी नळी फोडून कचऱ्यात. कुणाला कळणार होतं? खोटंसुद्धा बोलायला लागणार नव्हतं. दुरुस्तीच तर आहे.

त्यानं नळी खोक्यातून काढलीसुद्धा. हातात धरून उभा राहिला. मग त्याला ती पोरगी आठवली, ट्रेनिंगच्या खोलीत मान खाली घालून बसलेली. समाधानवर हसणारी पोरं आठवली, जी समाधान गेला तेव्हा रांगत असतील. फारूकला स्वतःची किळस आली. त्यानं नळी परत खोक्यात ठेवली, खोकं माळ्यावर टाकलं आणि शमीमला घरी फोन करून जुनी गोधडी पाठवायला सांगितली.

काम सावकाशीचं. आधी नळीतली साठलेली वीज उतरवायची, नाहीतर ती माणसाला भिंतीवर फेकते. मग नळी गोधडीवर पालथी घालून तिच्या निमुळत्या मानेला धक्का न लावता कडेची पट्टी कापायची. ऊन पाण्यात भिजवलेली फडकी काचेवर घालून घालून गोंद मऊ करायचा आणि मग मासे धरायची नायलॉनची दोरी दोन काचांच्या मधे घालून करवतीसारखी ओढत न्यायची, एका वेळी बोटभर. जोर लावला तर काच तडकते, नळी फुटते. दुपारपर्यंत बोटं कापली. तीनच्या सुमाराला बाहेरची काच चटकन सुटली. फारूकनं लाकडी पट्टीनं नासलेला गोंद खरवडला. तो लोण्यासारखा निघत होता, वास मात्र आंबट. मग स्पिरिटचा बोळा फिरवला.

आधी ‘सेफ’चं पहिलं अक्षर वर आलं. मग बाकीची. दाराकडून येणाऱ्या उजेडात ती तपकिरी अक्षरं इतकी स्वच्छ दिसत होती की फारूकनं नकळत वायरीकडे बघितलं, कुठे जोडलेली तर नाही ना. वायर टेबलाखाली लोंबत होती. तो खाली फरशीवर बसला आणि रडला. अठरा वर्षांत समाधानसाठी तो पहिल्यांदा रडत होता. तोवर सगळी वर्षं स्वतःसाठी घाबरण्यातच गेली होती.

आत सुटलेली वायर जोडून, काच परत बसवून रविवारी तो टर्मिनल गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर पायांशी धरून चाकणला गेला. यशोदाबाई घरी होत्या, करिष्माही होती. त्यानं ते चौरंगावर ठेवलं, वायर लावली, बटण दाबलं. पडदा गरम झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक नारिंगी चौकोन लुकलुकायला लागला. काच आरशासारखी. करिष्मानं तोंडावर हात ठेवला.

“काय सुंदर दिसतंय चाचा!”

“थांब,” फारूक म्हणाला. त्यानं बटण बंद केलं. मग उठून भिंतीतली वायरही काढली आणि ती तिच्या हातात दिली. “धर. आता वाच.”

ती पुढे वाकली. “लॉक…” तिनं हातातल्या वायरीकडे बघितलं, परत पडद्याकडे. “लॉक सेफ. पण हे बंद आहे ना?”

“बंद आहे. त्या दिवशीही बंद होतं.”

मग फारूक बोलला. खंडेनवमी, दिवा, नारळ, तीनदा केलेली तक्रार, दिवाळीचं शटडाऊन, सगळं. शेवटी म्हणाला, “त्यानं मान वर केली होती. त्यानं वाचलं. मीपण तेच वाचलं, आणि मला दोन मिनिटांत कळलं की पडदा मेलेला आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, वाचता येत होता. मला नोकरीची भीती वाटली. माझ्या एका शब्दानं तुझा बाप बेफिकीर ठरला.”

करिष्माचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “आमच्या ट्रेनिंगला येऊन हे सांगाल? सगळ्यांसमोर?”

“सांगेन.”

“पप्पांचं नाव घेऊन?”

“त्याचं घेऊन. आणि माझंही.”

यशोदाबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. कांद्यानं काळे पडलेले हात मांडीवर. त्या म्हणाल्या, “मला ठावं हुतं.”

फारूकनं मान वर केली.

“ह्ये रोज संध्याकाळी येऊन सांगायचे. फारूकभाईला सांगितलंय, फारूकभाई दिवाळीला बदलणार हायेत. पडदा दिसत न्हाई म्हणून. मग तुमी तिथं सांगितलं, दिसत हुता. मला कुणी इचारलंच न्हाई. बायामाणसाला कोण इचारतं? मी म्हणलं, ह्यो माणूस कधीतरी बोलंल. तुमी दर ईदला दारात यायचा, वाटायचं आज बोलाल. डबा द्यायचा आन् जायचा.”

“भाभी, माफ…”

“माफीबिफी न्हाई,” यशोदाबाई एकदम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “ती माझ्याकडं न्हाई. ज्याच्याकडं हुती त्यो गेला.”

फारूक उठला. गोधडीची घडी घातली, ती उगाच दोनदा घातली. दारात चप्पल घालत होता तेव्हा मागून यशोदाबाईंनी हाक मारली. त्या आतून स्टीलचा डबा घेऊन आल्या, ईदला राहिलेला. त्यानं हात पुढे केला. डबा जड लागला.

“साखर हाय,” त्या म्हणाल्या. “कुणाचा डबा रिकामा धाडू न्हाई.”

त्या आत वळल्या. फारूकनं डबा स्कूटरच्या हुकाला अडकवला आणि निघाला. मोशीच्या पुढे रस्ता खराब आहे, गाडी नेहमीसारखीच आदळली, पण त्या दिवशी डबा वाजला नाही.